पुण्यातले संघ कुठे गेले?

२०११ ते २०१९ या काळात पुण्याच्या नावानं खेळलेले व्यावसायिक संघ मोजायला एका हाताची बोटं पुरत नाहीत. क्रिकेटमध्ये आधी पुणे वॉरियर्स, मग रायझिंग पुणे सुपरजायंट. फुटबॉलमध्ये पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि एफसी पुणे सिटी. या सहांपैकी एकाचाही पहिला संघ आज मैदानात उतरत नाही. कबड्डीतली पुणेरी पलटण तेवढी टिकली आणि २०२४ मध्ये प्रो कबड्डीचं विजेतेपदही घेऊन आली.

यावर पुण्यात ठरलेलं उत्तर मिळतं: लोकांना खेळाची आवड नाही, तिकीट काढायला कोणी येत नाही. मला हे उत्तर पटत नाही. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरी आली होती, म्हणजे खेळ वाईट नव्हता. रायझिंग पुणे २०१७ च्या आयपीएलच्या अंतिम सामन्यात मुंबईकडून एका धावेनं हरली. १२९ धावांचा पाठलाग १२८ वर थांबला आणि तो त्या संघाचा शेवटचा सामना ठरला. जिंकली असती तरीही तो शेवटचाच होता. चेन्नई आणि राजस्थान हे संघ दोन वर्षांसाठी निलंबित झाले होते, त्यांच्या रिकाम्या जागी पुणे आणि राजकोट भाड्यानं आले होते. मुदत संपली, मूळ मालक परतले, भाडेकरू निघाले.

त्या भाड्याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. डिसेंबर २०१५ मध्ये क्रिकेट मंडळानं या दोन जागांसाठी उलटा लिलाव ठेवला. आयपीएलच्या सामाईक उत्पन्नातून संघाला दरवर्षी वाटा मिळतो. तर जो कमीत कमी वाटा मागेल त्याला संघ मिळेल, अशी अट होती. सुरुवात ४० कोटींपासून व्हायची होती. बोली खाली आली, शून्यावर आली, शून्याच्याही खाली गेली. संजीव गोएंका यांच्या कंपनीनं पुण्यासाठी उणे १६ कोटींची बोली लावली. म्हणजे सामाईक उत्पन्नातून एक रुपया नको, उलट मंडळालाच दरवर्षी १६ कोटी देतो. वर खेळाडूंचे पगार, प्रवास, हॉटेल हे सगळं मालकाच्या खिशातून. एकट्या बेन स्टोक्सवर २०१७ मध्ये साडेचौदा कोटी खर्च झाले.

धंद्याच्या साध्या हिशेबात हे बसत नाही. मग शहाणे उद्योगपती असं का करतात? संघ कशावर जगतो आणि कशानं मरतो, हे या एका प्रश्नाच्या मागे गेलं की कळू लागतं.

व्यावसायिक संघाला पैसा येण्याच्या वाटा मोजक्या आहेत. प्रक्षेपणाचे हक्क, जर्सीवर आणि कुंपणावर नाव लावणारे प्रायोजक, तिकीट आणि मैदानावरची विक्री, आणि फुटबॉलमध्ये खेळाडू दुसऱ्या क्लबला विकून मिळणारी रक्कम. पाचवी वाट हिशेबाच्या वहीत उत्पन्न म्हणून दिसत नाही, पण जगातले कितीतरी क्लब तिच्यावरच चालतात. ती म्हणजे मालकाचा दुसरा धंदा. खाण, सिमेंट, टायर, दारू, घरबांधणी, काहीही. तो धंदा बरा चालला आहे आणि मालकाची हौस टिकून आहे तोवर क्लब चालतो.

गोव्याइतकं याचं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. धेंपो, साळगावकर, सेझा ही नावं गोव्यात आधी लोहखनिजाची आणि मग फुटबॉलची. धेंपो क्लबनं राष्ट्रीय लीग आणि पुढे आय-लीग मिळून पाच वेळा जिंकली. एवढ्याशा राज्यातल्या संघानं कोलकात्याच्या मातब्बरांना वर्षानुवर्षं पाणी पाजलं. घराण्याची प्रतिष्ठा, कामगारांची करमणूक, गावाशी नातं अशा सगळ्यासाठी खाणमालक क्लब पोसत. तिकिटावर तो चालावा अशी अपेक्षाच नव्हती. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या. मध्ये काही काळ त्या सुरू झाल्या, पण फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. दरम्यान २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. त्यांनी दिलेलं कारण खाणींचं नव्हतं. फुटबॉल महासंघ नव्या इंडियन सुपर लीगला अव्वल दर्जा देणार आणि वर्षानुवर्षं खेळलेल्या आम्हाला दुय्यम पायरीवर बसवणार, यावर त्यांचा आक्षेप होता. आक्षेप रास्तच होता. पण खाणीचा पैसा पूर्वीसारखा वाहत असता तर ही मंडळी इतक्या लवकर उठली असती का, ही शंका मला आजही आहे.

मुंबईत महिंद्र युनायटेडनं २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीनं संघच बंद केला. पंजाबातल्या फगवाड्याचा जेसीटी हा पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता. तोही २०११ मध्ये गेला. दोन्ही कंपन्या बुडाल्या नव्हत्या. ताळेबंदात एक ओळ दरवर्षी खर्च दाखवते, आणि ज्या खेळाचं टीव्हीवर नाव नाही त्यावर तो खर्च कशासाठी, असं कोणीतरी संचालक मंडळाच्या बैठकीत विचारतो. तेवढं पुरतं.

आता आयपीएल. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. ठरलेले सामने ४१०. म्हणजे एका सामन्याला साधारण ११८ कोटी. वर्षाला सरासरी साडेनऊ हजार कोटींच्या वर. यातला साधारण निम्मा भाग दहा संघांत वाटला जातो, म्हणजे एका संघाला केवळ प्रक्षेपणातून वर्षाला साडेचारशे कोटींच्या पुढे. याउलट खेळाडू विकत घ्यायला संघाला २०२५ च्या हंगामासाठी मुभा होती १२० कोटींची. मैदानात प्रेक्षक आला नाही, संघ तळाला राहिला, कर्णधार जायबंदी झाला, तरी पगाराच्या चौपट रक्कम हंगामाआधीच ठरलेली असते. या धंद्यात बुडायला विशेष कर्तबगारी लागते.

ही रचना आयपीएल उभारणाऱ्या ललित मोदींनी अमेरिकेतून उचलली. तिकडच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये प्रक्षेपणाचा राष्ट्रीय पैसा ३२ संघांत समान वाटला जातो आणि प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर वरून मर्यादा असते. २०२५ साठी ती २७.९२ कोटी डॉलर होती. या लीगचे बाकी संघ अब्जाधीशांचे, त्यांच्या वह्या बंद. एक संघ मात्र दरवर्षी आपला हिशेब सगळ्यांपुढे मांडतो. तो ग्रीन बे पॅकर्स. विस्कॉन्सिन राज्यातल्या जेमतेम लाखभर वस्तीच्या गावाचा हा संघ १९२३ पासून लोकांच्या मालकीचा आहे. भागधारक पाच लाखांहून जास्त. त्यांना लाभांश मिळत नाही आणि भाग नफ्यानं विकताही येत नाही. मिळतो तो भिंतीवर लावायला कागद आणि सर्वसाधारण सभेचं आमंत्रण. २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात पॅकर्सना राष्ट्रीय उत्पन्नाचा वाटा म्हणून ४३.२६ कोटी डॉलर मिळाले. नेमका तेवढाच वाटा न्यूयॉर्कच्या आणि लॉस एंजेलिसच्या संघांना मिळाला. पगाराची कमाल मर्यादा त्या वाट्यापेक्षा कितीतरी खाली. तिकीट, खाणंपिणं, टोप्या-जर्सींची विक्री हे सगळं त्याच्या वर. भांडवलशाहीच्या माहेरघरात एवढी काटेकोर समान वाटणी चालते आणि खेळाडू निवडताना पहिला हक्क तळाच्या संघाला दिला जातो, ही गंमत तिथल्या मालकांना ठाऊक असणारच. पण ते त्याला समाजवाद म्हणणार नाहीत.

यामागचा विचार पक्का आहे. साबण विकणाऱ्या कंपनीला दुसरी साबण कंपनी बुडाली तर आनंदच होतो. क्रिकेट संघाला मात्र विकण्यासारखं काही एकट्यानं तयारच करता येत नाही. समोर दुसरा संघ हवा, तो तुल्यबळ हवा आणि पुढच्या वर्षीही तो जिवंत हवा. मुंबईचा माल तयार व्हायला चेन्नई लागते. प्रतिस्पर्धीच भागीदार असलेला हा धंदा आहे. त्यातली स्पर्धा मैदानापुरती ठेवली नाही तर सगळे मिळून बुडतात.

आयपीएलच्या भक्कमपणाची दुसरी बाजू कमी बोलली जाते. अमेरिकी फुटबॉलमध्ये लीगच्या उत्पन्नाचा साधारण ४८ टक्के वाटा खेळाडूंना जातो. तो त्यांच्या संघटनेनं भांडून, प्रसंगी संप करून मिळवला आहे. आयपीएलमध्ये दहा संघांचे १२० कोटी धरले तर होतात १,२०० कोटी, म्हणजे फक्त प्रक्षेपणाच्या वार्षिक उत्पन्नाचा आठवा हिस्सा. सामन्यागणिक मिळणारं मानधन मिळवलं तरी चित्र फारसं बदलत नाही. भारतीय क्रिकेटपटूंची बोलणी करणारी सक्षम संघटना नाही, आणि इथला खेळाडू मंडळाच्या परवानगीशिवाय परदेशी लीगमध्ये जाऊ शकत नाही. लिलावात २७ कोटींना विकला गेलेला एखादा खेळाडू आपल्याला दिसतो आणि डोळे दिपतात. प्रत्यक्षात आयपीएल जगातल्या सर्वांत स्वस्त मजुरीच्या मोठ्या लीगपैकी एक आहे. तिच्या आर्थिक तब्येतीचं श्रेय वाटताना हा मुद्दा वगळू नये.

इतकं असूनही पुणे वॉरियर्स कसा बुडाला? २०१० मध्ये सहारा समूहानं ३७ कोटी डॉलर, म्हणजे सुमारे १,७०० कोटी रुपये मोजून पुण्याचा संघ घेतला. ही रक्कम दहा वर्षांत फेडायची होती, म्हणजे दरवर्षी १७० कोटी. आणि त्या वेळी प्रक्षेपणाचा करार आजच्या मानानं किरकोळ होता. सहाराचं म्हणणं असं की बोली ९४ सामन्यांचा हंगाम गृहीत धरून लावली, प्रत्यक्षात ७४ च झाले. सामने कमी, उत्पन्न कमी, फी मात्र तीच. वाद चिघळला, मे २०१३ मध्ये मंडळानं बँक हमी वटवली, सहारानं संघ सोडला. त्याच लिलावात ३३.३ कोटी डॉलरला गेलेला कोचीचा संघ तर एकच हंगाम खेळला. हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सनं २००९ मध्ये विजेतेपद मिळवलं होतं, तोही २०१२ मध्ये मालकाच्या कर्जापायी गेला. तिन्ही ठिकाणी दुखणं एकच: देणं ठरीव, येणं बेभरवशाचं आणि मधला खड्डा भरायला मालकाकडे दम नाही. पुढे पद्धत बदलली. २०१८ पासून जुने संघ ठरीव फीऐवजी उत्पन्नाच्या २० टक्के देतात. उत्पन्न घटलं तर देणंही घटतं. हा एक बदल दहा वर्षं आधी झाला असता तर वॉरियर्स कदाचित आजही तळाला का होईना, खेळत असते.

गहुंजेच्या मैदानाचं काय झालं तेही सांगतो, कारण संघ गेला की तिथे हिशेब संपत नाही. महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशननं कर्ज काढून हे मैदान उभं केलं. सहाराच्या प्रमुखांचं नाव त्याला दिलं गेलं आणि पैशांच्या वादातून उतरवलंही गेलं. नावापोटी येणारा पैसा आटला, आयपीएलचा कायमचा संघ उरला नाही, कर्जाचे हप्ते थकले. २०१८ च्या सुरुवातीला बँक ऑफ महाराष्ट्रनं जवळपास ७० कोटींच्या थकबाकीपोटी मैदानाचा प्रतीकात्मक ताबा घेतला. त्याआधी २०१६ मध्ये दुष्काळामुळे मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले आणि पुण्याचा संघ आपले उरलेले घरचे सामने विशाखापट्टणमला खेळला. २०१८ मध्ये उलट झालं. कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे सामने गहुंजेला आले, खास रेल्वेगाडी करून तिकडचे चाहते पुण्यात उतरले, आणि पुणेकरांनीही पिवळे सदरे घालून दुसऱ्याच्या संघासाठी घसा बसवला. पुण्यात प्रेक्षक नाही म्हणणाऱ्यांनी ते सामने आठवावेत.

आता गोएंकांच्या उणे १६ कोटींकडे वळू. २०२१ मध्ये दोन नवे संघ विकायला निघाले तेव्हा त्यांनीच लखनौसाठी ७,०९० कोटी मोजले. अहमदाबादचा संघ सीव्हीसी या परदेशी गुंतवणूक कंपनीनं ५,६२५ कोटींना घेतला. दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर लखनौला वर्षाला ७०९ कोटी द्यायचे, आणि प्रक्षेपणाचा वाटा येतो साडेचारशे-पाचशे कोटी. म्हणजे पहिली दहा वर्षं वही लालच राहणार. तरी सौदा मूर्खपणाचा म्हणता येत नाही, कारण यातली कमाई सामन्यांतून यायची नसून पुढे संघ विकताना यायची आहे. सीव्हीसीनं २०२५ मध्ये गुजरात टायटन्सचा ६७ टक्के हिस्सा टॉरेंट समूहाला विकून तेच दाखवून दिलं. मुंबईतल्या जुन्या चाळीचं भाडं दुरुस्तीलाही पुरत नाही, पण खालच्या जमिनीचा भाव पाहून मालक तग धरतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की जमीन कुठे जात नाही. लीगचा भाव मात्र पुढचा प्रक्षेपण करार किती रकमेचा होतो यावर लटकलेला असतो.

युरोपातल्या फुटबॉलला या वाटणीचं आणि मर्यादेचं कवच नाही. तिथे तळाचे संघ खालच्या लीगमध्ये ढकलले जातात आणि खालून नवे वर येतात. चाहत्याच्या दृष्टीनं याहून न्याय्य काही नाही. खजिनदाराच्या दृष्टीनं याहून भयंकर काही नाही. खाली घसरलं की प्रक्षेपणाचा पैसा एका फटक्यात नाहीसा होतो, खेळाडूंचे करार तसेच राहतात. म्हणून घसरू नये यासाठी खर्च, वर जावं यासाठी खर्च, आणि शेजारच्यानं खर्च केला म्हणूनही खर्च. इंग्लंडच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये २०१८-१९ च्या हंगामात सगळ्या क्लबांचा मिळून पगाराचा खर्च एकूण उत्पन्नाच्या १०७ टक्के होता. शंभर रुपये मिळाले, एकशे सात पगारातच गेले. वीज, गवत, बस अजून बाकी. वर जाणारे संघ तीनच असतात. बाकीच्यांनी लावलेला पैसा त्या वर्षापुरता पाण्यात.

लीड्स युनायटेडची कथा इंग्लंडमध्ये आजही म्हणीसारखी वापरली जाते. २००० च्या सुमारास अध्यक्ष पीटर रिड्सडेल यांनी ६ कोटी पौंडांचं कर्ज काढलं, तेही पुढच्या २५ वर्षांच्या तिकीटविक्रीवर. त्यातून खेळाडू घेतले. रिओ फर्डिनंड एकटा १.८ कोटी पौंडांचा. २००१ मध्ये संघ चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत पोचला, सगळं जमलं असं वाटलं. पण पुढच्या वर्षीही त्याच स्पर्धेत खेळू, हे गृहीत धरून हप्ते आखले होते. लीग संपली तेव्हा लिव्हरपूल ६९ गुणांवर तिसरं, लीड्स ६८ वर चौथं. एका गुणानं पात्रता हुकली. मग फर्डिनंड विकला, एकामागून एक बाकीचेही विकले, मैदान विकलं. २००४ मध्ये अव्वल लीगमधून घसरण, २००७ मध्ये तिसऱ्या पायरीवर आणि दिवाळखोरीच्या कारभारात. मधल्या काळात हिशेब तपासताना कार्यालयातले शोभेचे मासेसुद्धा भाड्यानं आणलेले सापडले. कर्जाच्या मानानं माशांचं भाडं नगण्य होतं, पण लोकांच्या लक्षात राहिले ते मासेच.

लीड्स निदान परत आलं. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या बरी या क्लबला ऑगस्ट २०१९ मध्ये लीगनं बाहेर काढलं. फ्रान्समध्ये २००९ चा विजेता बोर्दो २०२४ मध्ये व्यावसायिक दर्जा सोडून चौथ्या पायरीवर गेला. फ्रान्सचं दुखणं आणखी वेगळं. तिथल्या लीगनं २०२० पासूनचे बहुतेक हक्क मीडियाप्रो या स्पॅनिश कंपनीला वर्षाला ७८ कोटी युरोंहून अधिक रकमेला विकले. क्लबांनी ती रक्कम हातात आल्यासारखे करार केले. कंपनीनं त्याच वर्षी ऑक्टोबरचा हप्ता बुडवला आणि डिसेंबरमध्ये काढता पाय घेतला. नंतरच्या करारांनी तो आकडा पुन्हा पाहिलेला नाही. समान वाटणी, पगारावर मर्यादा हे सगळं ठीक, पण गिऱ्हाईकच एक असेल आणि तेच उठून गेलं, तर वाटायचं काय?

चीनमध्ये तर मालकच गिऱ्हाईक होते. घरबांधणी आणि किरकोळ विक्रीतल्या कंपन्यांनी दशकभर क्लबांवर अफाट पैसा ओतला. जियांग्सू संघानं नोव्हेंबर २०२० मध्ये चिनी सुपर लीग जिंकली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये कारभार बंद केला, कारण मालक कंपनी सुनिंग अडचणीत होती. आठ वेळा लीग जिंकलेला ग्वांगझू क्लब एव्हरग्रांद या घरबांधणी कंपनीच्या जिवावर मोठा झाला होता. एव्हरग्रांद कोसळल्यावर जानेवारी २०२५ मध्ये तोही मिटला.

आपल्याकडच्या फुटबॉलची गोष्ट आयपीएल आणि चीन या दोन्हींच्या मधली आहे. २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी ७०० कोटींना रिलायन्सच्या भागीदारीतल्या कंपनीला दिले. त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग उभी राहिली. आयपीएलचीच चौकट: शहरं, तारे मालक, घसरणीची भीती नाही, पगारावर मर्यादा. चौकट तीच असून निकाल वेगळा का लागला, याचं उत्तर मैदानातच आहे. वीस षटकांच्या सामन्यात प्रत्येक षटकानंतर जाहिरात, गडी बाद झाला की जाहिरात, वर अडीच-अडीच मिनिटांच्या चार खास विश्रांती. सामना साडेतीन तासांचा आणि त्यात विकायला जागाच जागा. फुटबॉलमध्ये ४५ मिनिटं चेंडू थांबत नाही. मध्यंतराची १५ मिनिटं, तेव्हा प्रेक्षक चहा टाकायला उठतो. ज्या देशात फुटबॉलचे चाहते रात्री जागून मँचेस्टर आणि माद्रिद पाहतात, तिथे स्थानिक लीगची तुलना थेट त्यांच्याशी होते. आयपीएलला अशी तुलना नाही. क्रिकेटमधलं माद्रिद मुंबईतच आहे.

त्यामुळे सामाईक वाटा कधी पगाराइतकाही झाला नाही आणि बहुतेक क्लब दरवर्षी तोट्यात गेले. मालकाच्या दुसऱ्या धंद्याची ती पाचवी वाट पुन्हा उघडावी लागली. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये मालकांच्या आर्थिक ओढाताणीत संपला, त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला. हैदराबादनं २०२२ मध्ये लीग जिंकली, वर्षभरातच त्याचे पगार थकू लागले, आणि २०२५ मध्ये तो नाव-गाव बदलून दिल्लीला गेला. मँचेस्टर सिटीच्या मालकांनी २०१९ मध्ये मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता. जगात कुठे कुठे क्लब चालवणाऱ्या या समूहानंही डिसेंबर २०२५ मध्ये मुंबईतून हात काढून घेतला.

तोवर १५ वर्षांचा करार संपत आला होता. महासंघाच्या घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात असल्यानं नवा करार रखडला. जुलै २०२५ मध्ये लीग चालवणाऱ्या कंपनीनं हंगाम स्थगित केला आणि ऑगस्टमध्ये बेंगळुरू, चेन्नईयिन अशा क्लबांनी पगार थांबवले. महासंघानं निविदा काढली. वर्षाला किमान साडेसदतीस कोटींची हमी मागितली होती. नोव्हेंबरमध्ये मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. त्याआधी ऑक्टोबरमध्ये मडगावच्या फातोर्ड्यात एफसी गोवा अल नस्रशी आशियाई स्पर्धेत खेळला आणि १-२ असा हरला. सौदी सरकारच्या पैशावर चालणाऱ्या संघाशी बरोबरीनं झुंजणाऱ्या गोव्याला, आपली स्वतःची लीग होणार की नाही हे तेव्हा माहीत नव्हतं. अखेर जानेवारीत क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारी २०२६ पासून, नेहमीपेक्षा कमी, ९१ सामन्यांचा हंगाम जाहीर केला. तो चालवायला ठरलेला निधी सुमारे २५ कोटींचा. आयपीएलच्या एका सामन्याच्या प्रक्षेपणाची किंमत याच्या चौपटीहून जास्त होते.

पुणेरी पलटण मात्र टिकली, कारण तिचा खर्चच बेताचा. कबड्डीचं अंगण १३ बाय १० मीटरचं, सामना ४० मिनिटांचा, चढाई ३० सेकंदांची. टीव्हीच्या चौकटीत सगळं एकावेळी मावतं. संघाला खेळाडूंवर खर्च करायची मर्यादा ५ कोटींच्या घरात. शिवाय लीग चालवणाऱ्या कंपनीत बहुसंख्य हिस्सा प्रक्षेपण करणाऱ्या स्टारचाच. गिऱ्हाईक आणि दुकानदार एकाच घरातले. हे सोयीचं आहे, पण त्यामुळेच या हक्कांची खरी बाजारकिंमत किती हे बाहेरच्याला सहज कळत नाही.

तोच प्रश्न आता आयपीएलच्याही दाराशी आला आहे. २०२२ मध्ये हक्कांची किंमत आधीच्या करारातल्या १६,३४७ कोटींवरून जवळपास तिप्पट झाली, कारण स्टार आणि रिलायन्सची व्हायकॉम १८ एकमेकांच्या उरावर बसून बोली वाढवत होत्या. अखेरीस टीव्ही एकाला गेलं, मोबाइल दुसऱ्याला. नोव्हेंबर २०२४ मध्ये या दोघांचं विलीनीकरण होऊन एकच कंपनी झाली. शिवाय २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्यानं बंदी आली आणि क्रिकेटवर सर्वांत सढळ हातानं जाहिरात करणारा एक अख्खा वर्ग बाजारातून उठला. भारतीय संघाच्या जर्सीवरून ड्रीम ११ चं नाव रातोरात गेलं. सध्याचा करार २०२७ च्या हंगामाबरोबर संपतो. पुढच्या लिलावात समोरासमोर बसून बोली वाढवणारे ते दोघे आता एकाच टेबलावर, एकाच बाजूला बसलेले असतील, आणि लखनौचे वर्षाला ७०९ कोटींचे हप्ते तेव्हाही चालूच असतील.